इंग्रजीत एकवचन की अनेकवचन? या चुका टाळा

इतरांनी लिहिलेले इंग्रजी अर्ज, पत्रे आणि अहवाल तपासणे हे माझे रोजचे काम. अवघड शब्द आणि लांबलचक वाक्ये लिहिताना लोक जपून असतात, तिथे फारसे चुकत नाहीत. चुकतात ते नामाच्या शेवटच्या 'एस'पाशी, आणि चुकाही त्याच त्या.

सगळ्यात जास्त डोक्यात जाणारी चूक म्हणजे 'इन्फर्मेशन्स', 'ॲडव्हायसेस', 'फर्निचर्स', 'इक्विपमेंट्स', 'होमवर्क्स'. हिचे मूळ अर्धवट शिकवलेल्या नियमात आहे: मोजता येते त्याचे अनेकवचन होते, येत नाही त्याचे होत नाही. मग शिकणारा खोलीभर नजर फिरवतो, दोन खुर्च्या, एक टेबल, एक कपाट. मोजता आले, लावला 'एस'! अहो, वस्तू मोजता येते का हे विचारायचेच नाही. इंग्रजी तो शब्द मोजते का, हे विचारायचे. 'चेअर' मोजते, 'फर्निचर' नाही. 'सूटकेस' मोजते, 'लगेज' नाही. 'कॉइन' मोजते, 'मनी' नाही. मराठीचा कौल लावूनही भागत नाही. 'माहिती'चे अनेकवचन आपण करत नाही, पण 'सल्ल्या'चे 'सल्ले' सर्रास करतो. इंग्रजीत मात्र 'इन्फर्मेशन' आणि 'ॲडव्हाइस' दोन्ही एकाच रांगेत बसतात.

मी नवीन नाम वहीत उतरवताना त्याचे मापही सोबत लिहिते: 'अ पीस ऑफ ॲडव्हाइस', 'टू पीसेस ऑफ फर्निचर'. शिकणाऱ्यांसाठी काढलेल्या इंग्रजी शब्दकोशांत नामापुढे 'सी' किंवा 'यू' हे अक्षर छापलेले असते. 'सी' म्हणजे मोजले जाणारे, 'यू' म्हणजे न मोजले जाणारे. बहुतेक जण अर्थ वाचला की शब्दकोश मिटतात आणि त्या एका अक्षराकडे बघतही नाहीत. एवढी कसली घाई?

मोबाइल चूक दाखवेल म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांसाठी एक प्रसंग सांगते. एका यंत्राचे भाग वाहतुकीत तुटले होते. पाठवणाऱ्या कंपनीला कळवायचे होते की किती मोडतोड झाली ते पाहून सविस्तर लिहू. पत्र एका हुशार पण उतावळ्या मुलाने लिहिले आणि कोणाला न दाखवता धाडले. त्यात होते, 'वुई विल इन्फॉर्म यू ऑफ द डॅमेजेस.' भाग अनेक तुटले, म्हणून अनेकवचन, असा त्याचा हिशेब. पण 'डॅमेज' म्हणजे मोडतोड, आणि 'डॅमेजेस' म्हणजे कायद्याने मागायची नुकसानभरपाई. समोरून उत्तर आले ते थेट वकिलाचे. बदली भाग मागवायचे राहिले बाजूला, आधी खुलाशाची पत्रे लिहावी लागली. शब्दाखाली लाल रेघ आली नव्हती, येणारही नव्हती, कारण 'डॅमेजेस' हा शब्द इंग्रजीत आहेच. 'पेपर' आणि 'पेपर्स', 'वर्क' आणि 'वर्क्स', 'कस्टम' आणि 'कस्टम्स' यांचेही तसेच. नोकरीच्या अर्जात 'एक्सपीरिअन्सेस' लिहिणाऱ्यांनी तर थांबावेच. कामाचा अनुभव म्हणजे 'एक्सपीरिअन्स'. 'एस' लावलात की आयुष्यात आलेले बरेवाईट प्रसंग होतात.

दुसरी चूक थेट मराठीतून येते. आपण 'पाच वर्षांचा मुलगा' म्हणतो, 'वर्षां'त अनेकवचन आहे, म्हणून हात आपोआप 'अ फाइव्ह-इयर्स-ओल्ड बॉय' लिहितो. इंग्रजीत मोजमाप नामाच्या आधी विशेषण म्हणून बसले की ते एकवचनीच राहते: 'अ फाइव्ह-इयर-ओल्ड बॉय', 'अ टू-वीक कोर्स', 'अ टेन-पेज रिपोर्ट'. तेच क्रियापदानंतर आले की 'एस' परत येतो: 'द बॉय इज फाइव्ह इयर्स ओल्ड.' ही दोन वाक्ये शेजारी शेजारी लिहून मोठ्याने वाचा. कानाला फरक बसला की नियम पाठ करावा लागत नाही.

बाकीच्या चुका झटपट सांगते.

'न्यूज' आणि 'मॅथेमॅटिक्स' शेवटी 'एस' असूनही एकवचनी: 'द न्यूज इज गुड.' 'पोलीस' आणि 'पीपल' 'एस' नसूनही अनेकवचनी: 'द पोलीस आर हिअर.'

'सिझर्स' आणि 'ट्राउझर्स' अनेकवचनी. एकच नग सांगायचा तर 'अ पेअर ऑफ सिझर्स'.

'एव्हरी'नंतर एकवचन: 'एव्हरी स्टुडंट'. 'ईच ऑफ द'नंतर नाम अनेकवचनी, क्रियापद एकवचनी.

'क्रायटेरिया' आणि 'फिनॉमिना' ही अनेकवचने आहेत. एकच असेल तर 'क्रायटेरियन', 'फिनॉमिनन'. 'डेटा'ला शास्त्रीय लेखनात अनेकवचनी क्रियापद लावतात, एरवी एकवचनी चालते. एका लेखात एकच पद्धत ठेवा.

दीड तास 'वन अँड अ हाफ अवर्स', शून्य चुका 'झिरो एरर्स'. दोन्हींना 'एस' हवा.

अनेकवचन दाखवायला ॲपॉस्ट्रॉफी लावू नका. 'फोटोज' लिहिताना 'एस'च्या आधी ते चिन्ह घातले की 'फोटोचा' असा अर्थ होतो.

राहिले 'वन ऑफ'. 'वन ऑफ माय फ्रेंड' हे मला जवळजवळ प्रत्येक गठ्ठ्यात सापडते, आणि याचा दोष मराठीला देता येत नाही. 'माझ्या मित्रांपैकी एक' यात 'मित्रां' अनेकवचनीच आहे. 'वन' दिसले की नाम एकवचनी, हा आळशी आडाखा नडतो. मित्र अनेक, त्यांतला एक राहतो: 'वन ऑफ माय फ्रेंड्स लिव्ज हिअर.' नामाला 'एस', आणि क्रियापद 'वन'शी जुळलेले. मजकूर पाठवण्याआधी मी फक्त 'वन ऑफ' शोधून काढते आणि प्रत्येक ठिकाणी पुढच्या नामाखाली पेन्सिलीने रेघ मारते. मग क्रियापदाकडे जाते.