बातमी एकतर्फी वाटली? संपादकाला लिहिण्याआधी या चुका टाळा

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एखादं कात्रण येतं, खाली पन्नास संतापलेले प्रतिसाद पडतात, 'सगळा मीडिया विकला गेलाय' यावर एकमत होतं आणि विषय गणपतीच्या वर्गणीकडे वळतो. ज्या दैनिकाने ती बातमी छापली त्याच्यापर्यंत यातलं एक अक्षरही पोहोचत नाही. ठाणे-नवी मुंबईत तर हे फारच वाया जातं. इथल्या शहर पानांना माणसं थोडी आणि हद्द अवाढव्य. महापालिका सांभाळणाऱ्या बातमीदाराकडे बऱ्याचदा कोर्ट किंवा शिक्षणही असतं. अशा माणसाच्या हातात संध्याकाळी तयार प्रेस नोट पडली की तीच थोडी इकडे-तिकडे करून छापली जाते. एकतर्फीपणामागे दर वेळी पाकीटच असतं असं नाही. पुष्कळदा दुसरी बाजू डेस्कवर, म्हणजे कार्यालयात बातम्या तपासून पान लावणाऱ्यांकडे, पोहोचलेलीच नसते.

न छापलेल्या बातमीवर भांडणं

कात्रण फॉरवर्ड होऊन आलं असेल तर आधी मूळ अंक बघा. जुनी कात्रणं तारीख कापून फिरतात आणि फॉन्टची नक्कल करून बनवलेली बनावट कात्रणंही असतात. ई-पेपरमध्ये तारीख टाकून ते पान उघडा. आवृत्तीही पाहा, कारण ठाण्याच्या पानावरची बातमी मुंबईच्या किंवा नवी मुंबईच्या पानावर असेलच असं नाही. सापडली की पूर्ण पान उतरवून ठेवा. नुसती बातमी कापून ठेवली तर तारीख, पान क्रमांक आणि शेजारी काय होतं, हे तिन्ही जातं.

वेबसाइटवरच्या बातमीचं शीर्षक दुपारी गाजावाजा न करता बदलतं. म्हणून लिंक, वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट आणि शक्य असेल तर वेबॅक मशिनवर (वेबपानांच्या जुन्या प्रती जपणारी साइट) साठवलेली प्रत, हे चिडायच्या आधी करा.

'तुम्ही पक्षपाती आहात' असं लिहिणं

ही सगळ्यात मोठी चूक. संपादकाला असं पत्र आलं की तो दोनच गोष्टी करू शकतो: दुर्लक्ष किंवा इन्कार. हेतू सिद्ध करता येत नाही. चूक मात्र दाखवता येते: चुकीचा आकडा, न विचारलेली बाजू, मजकुराशी न जुळणारं शीर्षक. भारतीय प्रेस परिषदेच्या पत्रकारितेच्या आचारनिकषांत शीर्षक मजकुराला धरून असावं, ज्याच्याविरुद्ध छापलं त्याला उत्तराची संधी मिळावी, जाहिरात आणि बातमी वेगळी ओळखू यावी, असं स्पष्ट आहे. यातला नेमका कोणता निकष मोडला तेवढंच लिहा.

समजा 'घोडबंदरचा पाणीप्रश्न सुटला' असं शीर्षक आलं आणि आत फक्त जलकुंभाचं उद्घाटन आणि अधिकाऱ्याचं निवेदन आहे. पत्र एवढंच हवं:

'आपल्या ठाणे आवृत्तीत अमुक तारखेला पान दोनवर आलेल्या बातमीच्या शीर्षकात प्रश्न सुटल्याचं म्हटलं आहे. मजकुरात जलकुंभाचं उद्घाटन झालं एवढंच आहे. पाणी कधीपासून आणि किती वेळ येणार याचा उल्लेख नाही. आमच्या संकुलात १ ते ७ तारखेदरम्यान रोज किती मिनिटं पाणी आलं याची नोंद आणि या काळात घेतलेल्या १० हजार लिटरच्या टँकरच्या पावत्या सोबत आहेत. शीर्षकाची दुरुस्ती आणि रहिवाशांची बाजू प्रसिद्ध करावी, ही विनंती.'

यात विशेषण एकही नाही. पावत्या जोडल्यामुळे डेस्कवरच्या माणसाला दोन मिनिटांत खातरजमा करता येते, आणि उद्याच्या बातमीचा ऐवजही त्यालाच मिळतो.

मात्र अशा पत्रात आपलीच माहिती चुकली तर खेळ संपला. ठाण्याचं पाणी महापालिकेची स्वतःची योजना, स्टेम (शहाड-टेमघर पाणी प्राधिकरण), एमआयडीसी आणि मुंबई महापालिका अशा चार ठिकाणांहून येतं. दिवा भागात एमआयडीसीच्या दुरुस्तीमुळे पाणी बंद असेल आणि तुम्ही महापालिकेवर खापर फोडणारं पत्र धाडलं, तर तुमचं पुढचं पत्र कुणी उघडणार नाही. नवी मुंबई महापालिकेचं स्वतःचं मोरबे धरण आहे, पण सगळ्या नवी मुंबईला त्याचंच पाणी येतं असं समजू नका. रस्त्यांचंही तसंच. घोडबंदर रस्त्यावर सार्वजनिक बांधकाम विभाग, एमएमआरडीए आणि महापालिका अशा तिघांची कामं असतात. खड्डा कुणाच्या हद्दीत आहे ते आधी विचारा.

एका बातमीवरून निकाल देणं

एक बातमी एकतर्फी असणं आणि दैनिकाचा कल एका बाजूला असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. कल दाखवायचा तर मोजावं लागतं. एक विषय ठरवा, समजा झोपडपट्टी पुनर्विकास. चार आठवडे एकाच दैनिकातल्या त्या विषयावरच्या *सगळ्या* बातम्या वहीत लिहा. रकाने पाच पुरेत: तारीख, पान, आकार (किती कॉलम आणि पट्टीने मोजलेली उंची सेंटिमीटरमध्ये), सर्वात आधी कुणाचं म्हणणं दिलं आहे, आणि रहिवाशाचं म्हणणं आहे की नाही.

इथे लोक घसरतात ते निवडीत. राग आणणाऱ्या बातम्या तेवढ्या टिपल्या जातात आणि आपल्या बाजूची तीन कॉलमी बातमी 'ती काय, एकच होती' म्हणून सुटते. संपादकाकडे त्याचा स्वतःचा संग्रह असतो. तो हीच सुटलेली बातमी काढून पुढे ठेवतो. विषय आधी ठरवायचा आणि मधेच बदलायचा नाही. शक्य असेल तर दोघांनी वेगवेगळ्या वह्या भरायच्या आणि शेवटी जुळवायच्या.

सोबत जाहिरातीही नोंदवा. महापालिकेने कुणाला किती रकमेच्या जाहिराती दिल्या हे माहिती अधिकारात मिळतं. अर्ज महापालिकेच्या जनसंपर्क विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा. 'महापालिका वर्तमानपत्रांना खूश ठेवते का?' असं विचारलंत तर उत्तर मिळणार नाही, कारण मत देणं माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक नाही. 'अमुक आर्थिक वर्षात प्रत्येक दैनिकास दिलेल्या जाहिरातींची संख्या व अदा केलेली रक्कम' असं विचारा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा अपुरं आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील; त्याला २० रुपयांचा स्टॅम्प. आलेला आकडा मोठा असला म्हणून बातमी विकली गेली असं ठरत नाही. तो वहीशेजारी ठेवायचा.

चुकीच्या माणसाला धरणं

बातमीदाराचा नंबर मिळाला की त्याला फोन करून झापणं हा आवडता उद्योग. पण शीर्षक तो देत नाही, डेस्क देतं. बातमी कापतं तेही डेस्कच, आणि अनेकदा जागेअभावी शेवटचा परिच्छेद जातो. नेमकी त्यातच दुसरी बाजू असते! म्हणून मजकुराबद्दल बातमीदाराशी बोला. शीर्षक, फोटो आणि मांडणीबद्दल संपादकाला लिहा. त्याचं नाव शोधायची गरज नाही. अंकाच्या शेवटच्या किंवा आतल्या एखाद्या पानाच्या तळाशी बारीक टाइपात मुद्रक, प्रकाशक, संपादक आणि पत्ता असतो. बातम्यांच्या निवडीसाठी जबाबदार संपादक कोण, हेही तिथेच लिहिलेलं असतं.

पाठवण्यातल्या चुका

हाताने लिहून फोटो काढलेलं पत्र कुणीतरी पुन्हा टाइप करावं लागतं, आणि ते कुणी करत नाही. युनिकोडमध्ये, ईमेलच्या अंगातच, १५० ते २०० शब्द. खाली नाव, भाग आणि फोन नंबर. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो 'फोटो' म्हणून पाठवला की दाबला जातो आणि छापण्याजोगा राहत नाही. तोच 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. पत्र त्याच दिवशी गेलं पाहिजे. संध्याकाळी पान लावायच्या धांदलीत फोन करू नका, सकाळी अकरानंतर करा.

एकच मजकूर दोनशे जणांनी पाठवला तर डेस्कच्या हिशेबी ते एकच पत्र असतं. कळवा, वर्तकनगर, ऐरोलीतून पाच जणांनी आपापल्या शब्दांत, आपापल्या नोंदींसह लिहिलेल्या पाच पत्रांचं वजन जास्त पडतं.

आणि 'पैसे खाल्ले' हे पुराव्याशिवाय ना पत्रात लिहा, ना ग्रुपवर. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामी हा गुन्हा आहे, आणि ग्रुपवरचा मेसेजही त्यात येऊ शकतो.

मुदत चुकवणं

संपादकाने दाद दिली नाही तर वृत्तपत्रासाठी भारतीय प्रेस परिषद आहे. १९७८ च्या कायद्याखालची संस्था, कार्यालय नवी दिल्लीत, फी नाही. दैनिक आणि साप्ताहिकाविरुद्धची तक्रार प्रसिद्धीपासून दोन महिन्यांत गेली पाहिजे, इतर नियतकालिकांसाठी चार महिने. आधी संपादकाला लिहिलेलं असणं आवश्यक. लोक इथेच अडकतात: संपादकाच्या उत्तराची वाट बघत सात-आठ आठवडे काढतात. पत्र लगेच पाठवा, दोन-तीन आठवडे थांबा, मग परिषदेकडे. सोबत मूळ कात्रण आणि मराठी मजकुराचं इंग्रजी भाषांतर, संपादकाला लिहिलेलं पत्र, आलं असेल तर त्याचं उत्तर, आणि या प्रकरणी कोर्टात काही प्रलंबित नाही असं घोषणापत्र. परिषद दंड करू शकत नाही. ताकीद देते, ठपका ठेवते. टीव्ही तिच्या कक्षेत येत नाही.

चॅनलसाठी घाई जास्त. एनबीडीए या वृत्तवाहिन्यांच्या संघटनेच्या सभासद चॅनलविरुद्ध पहिल्या प्रसारणापासून सात दिवसांत चॅनलकडेच तक्रार करायची. त्यांनी सात दिवसांत उत्तर द्यायचं. ते पटलं नाही तर पुढच्या चौदा दिवसांत याच संघटनेच्या तक्रार ऐकणाऱ्या प्राधिकरणाकडे जायचं. कार्यक्रमाचं नाव, तारीख, वेळ आणि रेकॉर्डिंग लागतं. नुसतं 'परवा रात्रीच्या चर्चेत' चालत नाही. चॅनल कोणत्या स्वनियमन संस्थेचं आहे ते त्याच्या वेबसाइटवर आधी बघून घ्या.

गल्लीतल्या लोकल केबलवरच्या मजकुरासाठी केबल टीव्ही कायद्यानुसार जिल्हाधिकारी, प्रांताधिकारी आणि पोलीस आयुक्त हे प्राधिकृत अधिकारी आहेत. इथे पत्त्याची गफलत होते. वाशी, नेरूळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात. खारघर, कामोठे मात्र पनवेल महापालिकेत आणि रायगड जिल्ह्यात. खारघरचा अर्ज ठाण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे गेला की तो नुसता फिरत राहतो. तिथला जिल्हाधिकारी अलिबागला बसतो.

जाहिरातीला बातमी समजणं

शनिवार-रविवारी घरांच्या पुरवण्या येतात. 'उलवे: उद्याचं शहर' छापाचा लेख, तज्ज्ञ म्हणून एका बिल्डरचं म्हणणं, खाली दोन प्रकल्पांची नावं. अशा मजकुरावर 'जाहिरात' किंवा 'प्रायोजित' असं बारीक अक्षरात कुठे लिहिलं आहे का ते कोपऱ्यात शोधा. लिहिलं असेल तर पक्षपाताची तक्रार टिकत नाही. त्याऐवजी महारेरा (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणारं राज्याचं प्राधिकरण) नोंदणी क्रमांक बघा. नोंदणीकृत प्रकल्पाच्या जाहिरातीत तो असावाच लागतो आणि १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही. नसेल तर महारेराला कळवा. काहीच लिहिलेलं नसेल आणि मजकूर उघड जाहिरातीचा असेल, तर प्रेस परिषदेसाठी ती पक्की केस आहे.

निवडणुकीतल्या पेड न्यूजसाठी, म्हणजे पैसे घेऊन बातमीच्या रूपात छापलेल्या प्रचारासाठी, वाट वेगळी. लोकसभा-विधानसभेला जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याच्या अखत्यारीतली माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समिती असते. महापालिकेच्या निवडणुका मात्र राज्य निवडणूक आयोग घेतो, त्यामुळे तेव्हा तिथलीच यंत्रणा कोणती आहे ते महापालिका आयुक्तांच्या निवडणूक शाखेत विचारा. पुरावा म्हणून एकच मजकूर, स्वल्पविरामासकट, दोन-तीन दैनिकांत वेगवेगळ्या बातमीदारांच्या नावे आलेला शोधा. ती पानं शेजारीशेजारी ठेवून, सारख्या ओळींखाली रेघा मारून जोडा.