संक्रांतीचं काळं कार्ड

संक्रांतीच्या कार्डाला काळा कागद घ्या. ज्या सणाला काळी साडी आणि बाळाला काळं झबलं मुद्दाम आणतात, त्याचं कार्ड पांढऱ्या कागदावर लाल-पिवळं करण्यात मला मजा वाटत नाही. काळ्यावर पांढरा हलवा काय उठून दिसतो! शिवाय ठसा, डाय (कागद आकारात कापणारी पत्र्याची धार) आणि उठावाची पावडर (ओल्या शाईवर टाकून वितळवली की अक्षर उंच करणारी) ही तिन्ही कामं एकाच कार्डात शिकून होतात. पहिल्या संक्रांतीच्या सुनेला, बोरन्हाणाच्या बाळाला किंवा तिळगुळाच्या पाकिटाबरोबर लांबच्या मावशीला, कुणालाही ते चालतं.

मी ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या छापखान्यात डाय-पंचिंगच्या मशीनवर होतो. औषधांची खोकी, लग्नपत्रिका, फाइलींची कव्हरं, सगळं हाताखालून गेलं. आता लोकमान्यनगरला घरातच टेबलावर मावेल असं हातानं फिरवायचं डाय-कटिंग मशीन आहे आणि शनिवारी सोसायटीतल्या बायका-मुलं शिकायला येतात. त्यांना पहिल्या दिवशी सांगतो तेच इथे लिहितो: आधी कागद, मग कामाचा क्रम, सजावट सगळ्यात शेवटी.

कागद २५० ते ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचा) घ्या. दुकानात एक कोपरा फाडून बघू द्या म्हणावं. आतपर्यंत काळा असेल तरच घ्या. काही कागद आतून पांढरे असतात आणि वरून फक्त काळी छपाई असते; अशा कागदाची घडी घातली की घडीवर पांढरी भेग दिसते आणि कार्ड तिथेच जुनं वाटायला लागतं. ठाण्यात स्टेशनरीच्या दुकानांत सुटे कागद मिळतात, पण रंग आणि जाडी निवडून घ्यायची असेल तर स्लो लोकलनं मुंबईत मशीद स्टेशनला उतरून अब्दुल रेहमान स्ट्रीटला एक चक्कर मारावी.

कागदाला ग्रेन असतो, म्हणजे त्याचे तंतू एका दिशेनं पडलेले असतात. कागद हातात धरून आधी उभा, मग आडवा हलकेच वाकवा. सहज वाकतो तेव्हा वळणाची रेघ ज्या दिशेनं पडते, तोच ग्रेन. घडी नेहमी ग्रेनला समांतर हवी, आडवी घातली तर ती फुटते. ए४ कागद अर्धा कापला की ए५, त्याची मध्ये घडी घातली की १४८ बाय १०५ मिलिमीटरचं कार्ड. ए४चा ग्रेन लांबीच्या दिशेनं असेल तर ही घडी आपोआप ग्रेनच्या दिशेनं येते, वेगळा हिशोब करावा लागत नाही.

घडीआधी क्रीज, म्हणजे घडीच्या जागी दाबून खाच, मारा. रिफील संपलेलं बॉलपेन आणि स्टीलची पट्टी पुरते. पट्टीला लावून पेन दोनदा दाबून ओढा, कागद कापला जाता कामा नये. एका बाजूला खाच पडते, दुसऱ्या बाजूला बारीक उंचवटा येतो. घडी अशी घाला की उंचवटा आत राहील आणि खाच बाहेर. पुष्कळ लोक उलटं करतात, कारण खाचेत मुडपणं सोपं वाटतं. पण औषधाच्या खोक्यापासून लग्नपत्रिकेपर्यंत सगळीकडे उंचवटा आतच असतो, तरच बाहेरची कड न ताणता स्वच्छ वळते.

आता अक्षरं. बाजारात मिळणारे बहुतेक तयार ठसे इंग्रजीत असतात. मराठी हवं तर शिक्के करणाऱ्याकडे जा. कोर्ट-कचेऱ्यांच्या आसपास असा माणूस हमखास सापडतो. चांगल्या अक्षरात ‘तिळगूळ घ्या, गोड गोड बोला’ काळ्या पेनानं कागदावर लिहून न्या, तो त्यावरून रबर करून देतो. दोन गोष्टी मात्र त्याला स्पष्ट सांगा. स्वतःची शाई असलेला ऑटोमॅटिक शिक्का नको, कारण आपल्याला त्यावर वेगळी चिकट शाई लावायची आहे. आणि रबर दांड्याला न चिकटवता सुटं द्या. घरी ते जाड पारदर्शक अॅक्रिलिकच्या तुकड्यावर दुहेरी टेपनं लावलं की ठसा कुठे पडतोय ते वरून दिसतं.

अक्षरांच्या आकारात काटकसर नको. पावडर वितळली की रेघ जरा फुगते. इंग्रजी अक्षरं हे सहन करतात. आपल्याकडे ‘शुभेच्छा’तला ‘च्छ’ बुजतो, ‘ळ’ची दोन्ही भोकं भरतात, अनुस्वार शिरोरेघेला चिकटून मात्रेसारखा दिसतो. मी अक्षराची उंची, मात्रा सोडून, ८ मिलिमीटरच्या खाली जाऊ देत नाही. जोडाक्षरं मोकळी लिहितो, अनुस्वार रेघेपासून जरा वर ठेवतो. शिरोरेघ मात्र अखंड आणि सारख्या जाडीची हवी. ती तुटली की सगळी ओळ लंगडते.

नवीन ठशाला तेलकट पापुद्रा असतो, त्यावर शाईचे थेंब-थेंब गोळा होतात. साध्या खोडरबरानं पृष्ठभाग हलक्या हातानं घासा, की शाई सारखी बसते. कागदाखाली माउसपॅड किंवा वर्तमानपत्राचे चार-पाच थर ठेवा. कडक टेबलावर ठशाचा मधला भाग उठत नाही आणि मग माणूस जोर लावतो. जोर लावला की कडा पसरतात.

कामाचा क्रम असा: ठसा आधी, डाय नंतर, चिकटवणं शेवटी. ठसा थेट घडी घातलेल्या कार्डावर मारू नका. त्याच काळ्या कागदाचा वेगळा तुकडा घ्या, जरा मोठाच, त्यावर ठसा आणि पावडर पूर्ण करा आणि मग आकारात कापून कार्डावर लावा. बिघडला तर तुकडाच जातो, कार्ड वाचतं. शिवाय छापलेल्या ओळीभोवती डाय हवी तशी सरकवून अगदी मध्यावर कापता येतं. आधी कापलेल्या आकारात ओळ मध्ये बसवणं त्याच्या दुप्पट कठीण.

पावडरीचं काम सावकाश करा. ज्या लग्नपत्रिकेवर अक्षरं बोटाला लागतात, तिच्यावर हेच केलेलं असतं: ओल्या शाईवर राळेची पावडर, मग उष्णता. छापखान्यात ते पट्ट्यावरून जातं, इथे हातात.

सगळ्यात आधी पंखा बंद. मग मलमलच्या फडक्यात थोडी टाल्कम पावडर बांधून पुरचुंडी करा आणि ती काळ्या तुकड्यावरून फिरवा. हाताचं तेल आणि हवेचा दमटपणा कागदावर असतो, खाडीकाठच्या गावात तर असतोच. पुरचुंडी फिरवली नाही तर पांढरी पावडर जिथे नको तिथे, अगदी बोटांच्या ठशांतही, चिकटून बसते. टाल्कमचा पुसट डाग नंतर कोरड्या ब्रशनं जातो. आता ठशाला वर्सामार्कसारखी पारदर्शक चिकट शाई लावा, सरळ खाली टेकवा, बोटांनी सगळीकडे सारखं दाबा आणि न हलवता सरळ वर उचला. काळ्यावर फक्त ओलसर चमक दिसेल, कागद उजेडात तिरपा धरून बघा. लगेच पांढरी बारीक पावडर भरपूर ओता. अक्षरांसाठी बारीकच घ्या, जाड दाण्याची नको. कागद तिरपा करून उरलेली पावडर घडी घातलेल्या साध्या कागदावर झटका, मागून एक टिचकी मारा आणि ती घडीतूनच परत डबीत ओता. चुकार कण बारीक कोरड्या ब्रशनं उचला. इथे पाच मिनिटं जास्त गेली तरी चालतील, कारण एकदा वितळलेला कण कागदावरून निघत नाही.

उष्णता द्यायला हीट गन, म्हणजे खूप गरम हवा सोडणारं हातातलं यंत्र, लागते. केस वाळवायचा ड्रायर उपयोगाचा नाही. त्याचा वारा पावडर उडवतो आणि ती वितळण्याइतका तो तापतही नाही. गन आधी बाजूला धरून काही सेकंद तापू द्या. कागद चिमट्यात धरा, बोटात नाही. सुरुवात खालच्या बाजूनं केली तर पावडर जागची हलत नाही. थोडा वेळ काहीच होत नाही. मग एका टोकाला पिठूळ पांढरं एकदम ओलं, गुळगुळीत आणि चमकदार होतं आणि ती चमक ओळीवरून पुढे सरकायला लागते. तिच्यामागून गन न्या. चमकलं की तिथून पुढे निघायचं. जास्त तापलं तर पावडर कागदात मुरते, उठाव बसतो, पांढऱ्यावर पिवळट झाक येते. गन नसेल तर तवा चांगला तापवा, गॅस बंद करा आणि त्याच्यावर चिमट्यानं कागद धरा. जरा वेळ लागतो, पण होतं. लहान मुलांना ठसा मारू द्या, पावडर ओतू द्या. उष्णतेचं काम मोठ्यांनीच करायचं.

आता हलवा. तो या कार्डाचा जीव आहे, म्हणून त्याला काटे आलेच पाहिजेत. पेन्सिलीच्या मागचं गोल रबर चिकट शाईवर टेकवून काळ्या कागदावर ठिपके द्या, तन्मणीसारख्या कमानीत किंवा बाळाच्या मुकुटाच्या आकारात. पावडर टाका, नेहमीसारखी पूर्ण वितळवा. ती गरम आणि मऊ असतानाच वरून पुन्हा पावडर भुरभुरा, जास्तीची झटका आणि आता अर्धवटच तापवा. दाणे खाली धरतात, पण विरघळून सपाट होत नाहीत, टोकं वर राहतात. पूर्ण चमक यायच्या आत गन बाजूला घ्या. थंड झाल्यावर ठिपक्यावरून बोट फिरवा, खरखर लागली पाहिजे. दुसऱ्या थराला जाड दाण्याची पावडर मिळाली तर काटे आणखी चांगले येतात. अक्षरं गुळगुळीत आणि हलवा खरखरीत, हा फरक काळ्या कागदावर दुरूनही कळतो.

पतंग डायनं काढा. पतंगाचा खरा कागद वापरायचा तर तो एकटा डायखाली फाटतो, म्हणून ग्लू-स्टिकनं साध्या कागदावर चिकटवून, वाळवून मग घ्या. घरगुती डाय म्हणजे पातळ पत्र्याची धार. मशीनमध्ये खाली प्लेट, त्यावर कागद, त्यावर धार कागदाकडे करून डाय, वर दुसरी प्लेट. डाय सरकू नये म्हणून सहज निघणाऱ्या टेपचा तुकडा लावा. चौकोनी किंवा पतंगाच्या आकाराची डाय रोलरला थोडी तिरकी ठेवा. सरळ ठेवली तर एक अख्खी कड एकदम रोलरखाली येते आणि मशीन अडतं. नक्षी बारीक असेल तर डाय आणि कागदामध्ये बटरपेपर घाला, कागद अडकून फाटत नाही. प्लेट दर वेळी उलटी करा, फिरवा. एकाच बाजूनं वापरली की ती वाकते आणि वाकलेल्या प्लेटनं मध्येच कापत नाही.

एखाद्या जागी डाय कापत नसेल तर हँडल जोरानं फिरवू नका. छापखान्यात आम्ही अशा वेळी मेकरेडी करायचो: जिथे कापलं जात नाही, नेमकी त्याच जागी पातळ कागदाची पट्टी मागून लावायची. घरीही तेच करा. एकदा कापून बघा, न कापलेली जागा पेन्सिलीनं खुणवा आणि त्या जागेपुरती टेपची एक पट्टी प्लेटला मागून लावा. नाही भागलं तर दुसरी. अख्ख्या डायखाली जाड पुठ्ठा घातला तर जिथे नीट कापत होतं तिथे धार प्लेटमध्ये घुसते आणि डाय लवकर बोथट होते. मशीन नसेल तर पतंगासाठी डाय हवीच असं नाही. सगळ्या सरळ रेघा आहेत, स्टीलची पट्टी आणि नवं पातं लावलेला कटर पुरतो.

जोडताना ओळीचा तुकडा दुहेरी टेपनं सपाट लावा आणि पतंग फोमच्या टेपवर उचलून. दोरा खरा घ्या, पांढरा शिवणाचा. त्याचं टोक पतंगाखाली लपवा. आणखी फुलं, रिबिनी, चमकी लावायचा मोह होईल. लावू नका. काळी जागा मोकळी राहिली तरच हलवा दिसतो.

आत लिहायला पांढरा किंवा क्रीम कागद लागेल. १०० जीएसएमचा, कार्डापेक्षा चारही बाजूंनी ३ मिलिमीटर लहान. त्याचीही घडी घालून फक्त घडीजवळ गोंदाची एक बारीक रेघ द्या. सगळीकडे गोंद लावला तर कार्ड पोटात वळतं. आतला मजकूर छापू नका, हातानं लिहा. बाहेर ठसा आहेच.

पोस्टानं पाठवणार असाल तर वजनाचा हिशोब आधी करा, कारण टपालाचा दर २० ग्रॅमच्या टप्प्यांनी चढतो. ३०० जीएसएमचा ए५ सुमारे ९ ग्रॅम, आतला कागद ३, समोरचा तुकडा आणि पतंग मिळून आणखी ३-४, वर पाकीट. म्हणजे २०च्या आसपास पोचलोच. २५०चा कागद घेतला तर दीड ग्रॅम वाचतो. किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर एक तयार कार्ड पाकिटासकट तोलून घ्या, मग तिकिटं आणा. तिळगूळ याच पाकिटात घालू नका, हलव्याचे ठिपके चिरडतात. त्याचं पाकीट वेगळं करा. ठिपक्यांवर बटरपेपरचा तुकडा ठेवा. आणि पत्ता आधी लिहा, कार्ड नंतर आत घाला. भरलेल्या पाकिटावर बॉलपेननं पत्ता लिहिला तर पिन कोडचे सहाही आकडे आतल्या काळ्या कागदावर उमटतात.