लांब स्लॉट बघून फसू नका

पीसीआयई म्हणजे मदरबोर्डावर जादा कार्ड जोडायची पद्धत. तिच्यात छोटं कार्ड मोठ्या स्लॉटमध्ये चालतं, जुनं-नवं जनरेशन एकमेकांत जमतं, हे तुम्हाला माहीत असेलच. मी फसलो ते पुढच्या पायरीवर.

दुकानात लागून चौथा महिना. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्या एका गिऱ्हाइकाला आणखी दोन एनव्हीएमई एसएसडी, म्हणजे पीसीआयईवर चालणाऱ्या वेगवान स्टोरेज ड्राइव्ह, हव्या होत्या. बोर्डावरची एम.२ची जागा, म्हणजे अशी एसएसडी थेट बसवायचा छोटा स्लॉट, भरलेली. दोन एसएसडी मावणारं स्वस्तातलं कार्ड मागवलं आणि खालच्या मोकळ्या एक्स१६, म्हणजे सोळा लेनच्या (डेटा ये-जा करायच्या वाटांच्या) लांबीच्या स्लॉटमध्ये बसवलं. मशीनला दोनपैकी एकच एसएसडी दिसत होती! जागा बदलल्या, तर दुसरी दिसायला लागली आणि पहिली गायब. दोन दिवस गेले. विंडोजसुद्धा नव्याने टाकली. आमचे सीनियर एकच सांगत, ‘बसलंय ना, मग चालणारच.’ असं सांगणाऱ्याकडून काम शिकू नका, हे माझं स्पष्ट मत.

शेवटी टॉर्च मारून स्लॉटच्या आत पाहिलं. पुढच्या भागात पिना, मागे नुसतं प्लास्टिक. लांबी सोळा लेनची, जोडलेल्या फक्त चार. एक एनव्हीएमई साधारण चार लेन वापरते. त्या स्वस्त कार्डावर स्वतःची चिप नसते, पहिल्या चार लेन पहिल्या एसएसडीला, पुढच्या चार दुसरीला. त्या पुढच्या चार इथे नव्हत्याच. आणि सोळाच्या सोळा असत्या तरी बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) बायफर्केशन, म्हणजे स्लॉटच्या लेन वाटून द्यायची सोय, लागलीच असती. बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये ‘एक्स४ मोड’ असं बारीक अक्षरात छापलेलं होतं. एम.२ भरली की कुठला स्लॉट किंवा साटा पोर्ट (जुन्या प्रकारच्या ड्राइव्ह जोडायची जागा) बंद पडतो, तेही तिथेच असतं. व्हिडिओ नंतर बघा, आधी तुमच्या बोर्डाचं मॅन्युअल उघडा.

घाबरू नका, लेन कमी पडल्या म्हणून काही जळत नाही. जळतं ते पॉवरच्या चुकीने. स्लॉटमधून जास्तीत जास्त 75 वॉट मिळतात, ग्राफिक कार्डाच्या सहा पिनी पॉवर केबलमधून आणखी 75, आठ पिनीतून 150. प्रोसेसरची आठ पिनी केबल दिसायला तशीच, पण तिच्यात प्लस-मायनस उलटे असतात. ती ग्राफिक कार्डात कधीही दाबून बसवू नका.

मग लेन वाटून देणारी स्वतःची स्विच चिप असलेलं महाग कार्ड आणलं. चारच लेन दोघींत वाटल्या जातात, पण त्याच स्लॉटमध्ये दोन्ही एसएसडी दिसल्या.