पुणे विद्यापीठाच्या नगर-नाशिक उपकेंद्राला ॲडमिशन घ्यायचंय? फॉर्म असा भरा

पुण्यात ॲडमिशन म्हटलं की सगळ्यांना गणेशखिंडचा मेन कॅम्पसच दिसतो, तिथं नंबर नाही लागला की पोरं सरळ जास्त फी भरून प्रायव्हेटला जातात आणि घरचे कर्ज काढतात. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची नाशिक आणि अहिल्यानगरला उपकेंद्रं आहेत, सरकारी विद्यापीठाचीच आहेत, डिग्रीवर नाव पण तेच, तरी तिथं फॉर्म भरावा हे बऱ्याच जणांच्या डोक्यातच येत नाही. मला हे फार लागतं, म्हणून नीट सांगतो.

आधी बघा की तुमच्या कोर्सची ॲडमिशन करतो कोण. काही कोर्सेसची ॲडमिशन विद्यापीठ स्वतः करतं, पण एमबीएसारख्या कोर्सला राज्याची सीईटी म्हणजे प्रवेश परीक्षा आणि कॅप म्हणजे केंद्रीय प्रवेशाचे राउंड लागतात, आणि २०२४ पासून बीबीए-बीसीएला पण सीईटी आली. सीईटीचं रजिस्ट्रेशन बारावीच्या निकालाच्या कितीतरी आधी होऊन जातं, त्यामुळं जूनमध्ये जागे झालात तर काही उपयोग नाही. कुठला कोर्स कुठल्या उपकेंद्रात आहे ते त्याच वर्षीच्या प्रॉस्पेक्टसमध्ये वाचा, व्हॉट्सॲपवर फिरणारी जुनी पीडीएफ नको.

मग कागदपत्रं, आणि खरी मारामारी इथंच आहे. मार्कशीट, एलसी, आधार हे असतंच घरात, अडतं ते कॅटेगरीच्या कागदांवर. नॉन-क्रिमीलेअरची, म्हणजे ओबीसी वगैरेंना लागणाऱ्या उत्पन्न मर्यादेच्या सर्टिफिकेटची, मुदत ३१ मार्चला संपते, म्हणजे मुदत याच मार्चपर्यंतची असेल तर फेब्रुवारीत काढलेलं सर्टिफिकेट सुद्धा जूनमध्ये चालत नाही, त्यामुळं हातात पडल्या पडल्या खालची तारीख बघा. त्यासाठी आधी तहसीलचा उत्पन्नाचा दाखला लागतो आणि निकालानंतर सेतू केंद्रात ही गर्दी असते, म्हणून एप्रिल लागला की लगेच अर्ज टाका. जात पडताळणीला तर महिने जातात, ती अकरावी-बारावीतच सुरू करा. दुसऱ्या विद्यापीठातून पीजीला येताय तर मायग्रेशन सर्टिफिकेट पण लागेल, मध्ये गॅप असेल तर गॅपचं ॲफिडेव्हिट.

आता फॉर्म. नाव दहावीच्या मार्कशीटवर आहे तसंच टाका, तिथं आडनाव आधी असतं आणि आधारवर बहुतेक वेळा शेवटी, इथंच गोंधळ होतो. मार्कशीटवर दीपकला डबल ई आणि आधारवर आय असेल तर आधार आधीच दुरुस्त करून घ्या, कारण हे पुढं स्कॉलरशिपला आडवं येतं. सही कोऱ्या पांढऱ्या कागदावर काळ्या पेनानं करा, उजेडात फोटो काढा आणि सांगितलेल्या केबीत बसवा. मोबाईल नंबर आणि ईमेल स्वतःचाच द्या, कॅफेवाल्याचा नाही, सगळे ओटीपी त्यावरच येतात. एकच कोर्स मेन कॅम्पसला आणि उपकेंद्राला दोन्हीकडं असेल तर आपण नेमकं कुठलं सिलेक्ट केलंय ते प्रिव्ह्यूत परत वाचा, दुसऱ्या कुणाला तरी वाचायला लावलं तर अजून चांगलं.

पैसे कट झाले आणि फॉर्मवर अनपेड दिसतंय तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका, ट्रान्झॅक्शन नंबर जपून ठेवा, थोडं थांबून स्टेटस बघा, नाहीच झालं तर हेल्पलाईनला मेल टाका. फायनल सबमिट करून प्रिंट काढली की मगच फॉर्म भरला समजा.

कॅपमधून जाणार असाल तर पसंतीक्रम विचार करून लावा, पहिल्याच राउंडला पहिली पसंती मिळाली की सीट ऑटो फ्रीझ होते, पुढच्या राउंडला बसता येत नाही. म्हणून कॉलेज बघितल्याशिवाय एक नंबरला टाकू नका. पुण्याहून नगर साधारण १२० किलोमीटर, नाशिक २१० च्या आसपास. नाशिकची एसटी वाकडेवाडीवरून मिळते. नाशिकचं उपकेंद्र दिंडोरी तालुक्यात शिवनईला आणि नगरचं बाबुर्डी घुमटला आहे, म्हणजे दोन्ही शहराच्या मध्यात नाहीत, तेव्हा वर्ग नक्की कुठं भरतात, बस किती वाजता आहे, मुलींसाठी हॉस्टेल आहे का हे तिथल्या ऑफिसात विचारा, शिकणारी पोरं भेटली तर त्यांच्याशी पण बोला.

मेरिट लिस्टमध्ये नाव आलं की दिलेल्या तारखेच्या आत ओरिजिनल घेऊन जा आणि फी भरा, तारीख चुकली तर सीट जाते. ॲडमिशन झाल्या झाल्या सरकारी स्कॉलरशिपसाठी महाडीबीटी पोर्टलवर फॉर्म भरा, बँक खातं आधारला लिंक आहे का ते आधी तपासा. एससीच्या मुलांना सरकारी हॉस्टेल नाही मिळालं तर स्वाधार योजनेत राहण्या-जेवणाला पैसे मिळतात, त्याची चौकशी त्या जिल्ह्याच्या समाजकल्याण ऑफिसात करा.