मेडिकेडसाठी वकिलाकडे जाण्याआधी: अमेरिकेतल्या मराठी घरांसाठी तयारीची यादी

आईला किंवा बाबांना नर्सिंग होममध्ये ठेवायची वेळ येते, तेव्हा कळतं की मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, हा खर्च देत नाही. हॉस्पिटलात किमान तीन दिवस भरती राहिल्यावर पुढच्या उपचारांचे फार तर १०० दिवस मेडिकेअर पाहतं, त्यातले पहिले २० पूर्ण खर्चाने. आंघोळ घालणं, भरवणं, उठवणं-बसवणं ही कायमची देखभाल त्यात बसत नाही. ती बसते मेडिकेडमध्ये, म्हणजे कमी उत्पन्न-मिळकतीच्या लोकांसाठीच्या सरकारी योजनेत, आणि तिथे प्रकृती, उत्पन्न, मिळकत असं सगळंच तपासतात. नियम राज्यागणिक बदलतात. म्हणून स्वतः फॉर्म भरायला बसण्याआधी तुमच्याच राज्यातल्या, एल्डर लॉ (वृद्धांचे कायदेशीर प्रश्न) करणाऱ्या वकिलाला भेटा.

भेट होईपर्यंत एक पथ्य पाळा: कुठलीही वस्तू, पैसा किंवा घर कुणाच्या नावावर करू नका. बहुतेक राज्यांत नर्सिंग होमच्या अर्जाआधीच्या ६० महिन्यांत कुणालाही मोबदला न घेता दिलेली प्रत्येक गोष्ट तपासली जाते. दिलेल्या रकमेला राज्याने ठरवलेल्या नर्सिंग होमच्या मासिक खर्चाने भागतात. समजा तो खर्च १०,००० डॉलर आहे आणि आईने मुलाला ६०,००० दिले, तर सहा महिने मेडिकेड एक पैसा देणार नाही. हे सहा महिने पैसे दिले त्या दिवसापासून धरले जात नाहीत. आई बाकी सगळ्या अटींत बसली, म्हणजे तिच्याजवळचे पैसे संपले, की तिथून ते सुरू होतात. ‘वर्षाला १९,००० पर्यंत गिफ्ट चालते’ असं कुणी सांगेल. २०२५ चा तो आकडा गिफ्ट टॅक्सचा आहे, मेडिकेडला त्याच्याशी देणंघेणं नाही.

आता फाइल. सगळ्यात आधी सिटिझनशिपचं सर्टिफिकेट किंवा ग्रीन कार्ड ठेवा. १९९६ च्या कायद्यापासून ग्रीन कार्डवाल्यांना साधारणपणे पाच वर्षं थांबावं लागतं, त्यामुळे कार्डावरची तारीख महत्त्वाची. आई-बाबांना तुम्ही स्पॉन्सर केलं असेल तर तेव्हा सही केलेल्या आय-८६४ हमीपत्राची प्रतही घ्या, कारण तुमचं उत्पन्न त्यांच्या खात्यात धरलं जाऊ शकतं. त्यामागे सोशल सिक्युरिटीचं पत्र, पेन्शन, विमा, घराचं डीड (मालकीचा दस्त), टॅक्स रिटर्न आणि पाच वर्षांची सर्व खात्यांची स्टेटमेंट. बंद झालेल्या खात्यांचीसुद्धा.

यानंतर भारतातली कागदपत्रं. त्यांच्यासाठी मी वेगळी फाइल करायला सांगते, कारण आपल्या घरांचे अर्ज बहुधा इथेच अडतात. पुण्यातला फ्लॅट, एनआरओ (अनिवासी भारतीयांच्या भारतातल्या) खात्यातली एफडी, पोस्टातली बचत, गावाकडची जमीन, हे सगळं मिळकतीतच मोजलं जाऊ शकतं. न्यू जर्सीसारख्या राज्यात एकट्या अर्जदाराजवळ २,००० डॉलरपेक्षा जास्त मोजता येणारी मिळकत चालत नाही, म्हणजे अर्ज अडायला एक छोटी एफडीही पुरे. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), महाभूलेखवरून काढलेला सातबारा आणि आठ-अ, सगळं आणा आणि इंग्रजी भाषांतर प्रमाणित करून घ्या. सामायिक सातबाऱ्यावरचा आईचा हिस्सा आज विकता येतो की नाही, हे वकिलाला मांडू द्या. तुम्ही तो लपवू नका. परदेशी खात्यांत मिळून कधी १०,००० डॉलरच्या वर रक्कम असून तिची माहिती सरकारला दिली नसेल, तर तेही पहिल्याच भेटीत सांगा. वकिलाला सांगितलेलं गुप्त राहतं.

हक्कसोडपत्राबद्दल आईला स्पष्ट विचारा. मामाने ‘ताई, एक सही हवी’ म्हटलं की ती तालुक्याला जाऊन माहेरच्या जमिनीवरचा हक्क सोडून येते, आणि आपण काही दिलं असं तिला वाटतही नाही. कायद्याने मात्र तो तिचाच हिस्सा होता. मिळू शकणारी मिळकत आपणहून नाकारणं हेही मेडिकेडच्या नजरेत दुसऱ्याला फुकट देणंच ठरतं. सही पाच वर्षांच्या आतली असेल तर दस्ताची प्रत फाइलला लावा. सही अजून व्हायची असेल तर थांबवा, मामा रुसले तरी.

भारतात पाठवलेल्या पैशांचीही वही करा: तारीख, रक्कम, कुणाला, कशासाठी. भाचीच्या लग्नाला, देवळाच्या जीर्णोद्धाराला, दिराच्या ऑपरेशनला. मेडिकेड मिळावं म्हणून हे दिलेलं नव्हतं, असं दाखवायची सोय कायद्यात आहे, पण त्याला पुरावा लागतो. लग्नाची पत्रिका, देवस्थानची पावती, हॉस्पिटलचं बिल टाकून देऊ नका.

नावांचा घोळही आधीच निस्तरा. शाळेच्या दाखल्यावर सुमन गणेश, लग्नानंतर सुनंदा विनायक, आणि अमेरिकेत मधलं नाव गायब. ही तिन्ही माणसं एकच आहेत हे तपासनीसाला कसं कळणार? लग्नाचा दाखला आणि प्रतिज्ञापत्र तयार ठेवा.

आई-बाबांना समजतंय तोवर पॉवर ऑफ अटर्नी करून घ्या. स्मृतिभ्रंश वाढला की कोर्टातून पालक नेमून घ्यावा लागतो, त्यात महिने आणि पैसे दोन्ही जातात. छापील फॉर्म पुरत नाही. मेडिकेडचं नियोजन करण्याचा अधिकार त्यात स्पष्ट लिहिलेला हवा. भारतातल्या मिळकतीसाठी वेगळं मुखत्यारपत्र लागेल.

मेडिकेडकडून प्रकृतीच्या तपासणीला नर्स येते, त्या दिवशी घरी थांबा. आपल्या आया पाहुणा आला की पदर सावरून ताठ बसतात आणि ‘माझं सगळं मीच करते’ म्हणतात. तेवढ्यावर अर्ज फेटाळला जाऊ शकतो. आदल्या आठवड्याची नोंद हातात ठेवा: किती वेळा पडली, कोण आंघोळ घालतं, रात्री कितीदा उठवावं लागतं.

वकील निवडताना त्याने गेल्या वर्षभरात किती मेडिकेड अर्ज केले ते विचारा. फी ठरीव की तासावर, आणि अर्ज फेटाळल्यास सुनावणी त्यात धरली आहे का, हे लेखी घ्या. त्याचा अशील आई आहे, तुम्ही नाही, म्हणून काही वेळ तो तिच्याशी एकटीशी बोलेल. ते योग्यच आहे. फी झेपत नसेल तर एल्डरकेअर लोकेटर या सरकारी माहितीसेवेला फोन करून तुमच्या भागातल्या एरिया एजन्सी ऑन एजिंगचा (ज्येष्ठांना मदत करणाऱ्या संस्थेचा) पत्ता घ्या. ६० वर्षांवरच्यांसाठी मोफत कायदेशीर मदत तिथून मिळू शकते.

वकिलाला विचारायचे प्रश्न लिहूनच न्या. बाबा घरी राहणार असतील तर त्यांच्या नावे किती ठेवता येईल? २०२५ साली ही कमाल मर्यादा १,५७,९२० डॉलर होती. आईला सांभाळायला मुलगी दोन वर्षं तिच्या घरी राहिली, तिच्या नावावर घर करता येईल का? करता येतं, पण तिच्या सेवेमुळेच नर्सिंग होम टळलं होतं हे डॉक्टरच्या पत्राने दाखवावं लागतं. आईच्या पश्चात मेडिकेडने खर्च केलेल्या पैशांसाठी राज्य घरावर वसुली लावेल का? मुलीला सेवेचे पैसे द्यायचे तर करार आधी लेखी हवा ना?

नर्सिंग होमच्या भरतीच्या कागदांवर ‘रिस्पॉन्सिबल पार्टी’ (जबाबदार व्यक्ती) म्हणून सही करण्याआधी ते कागद वकिलाला दाखवा. भरतीची अट म्हणून मुलाकडून स्वतःच्या खिशातून भरण्याची हमी मागायला केंद्रीय कायद्याची मनाई आहे. अर्ज गेल्यावर येणारं प्रत्येक पत्र त्याच दिवशी उघडा, कारण नकाराविरुद्ध सुनावणी मागायची मुदत त्या पत्रातच छापलेली असते.