फ्लोरिडातल्या मायामी-डेड काउंटीत छताच्या प्लायवूडची तपासणी नापास होतेय?

खिळ्यांचं अंतर बरोबर, तरी शेरा: खिळे ट्रस (प्लायवूडला खालून आधार देणारा छताचा लाकडी सांगाडा) चुकवून गेलेत, काहींची डोकी प्लायवूडमध्ये रुतलीत. शेजारी जादा खिळे ठोकले, तेही हुकले. फार वैताग आला.

आधी प्रत्येक ट्रसच्या मध्यावर खडूच्या दोरीने रेघ मारली. मग हवेचा दाब कमी करून नेलगन (हवेच्या दाबाने खिळे ठोकणारं यंत्र) टाकाऊ तुकड्यावर जुळवली. डोकं पृष्ठभागाशी समतल बसायला हवं. वरचा थर फाटला, तर वादळाच्या ओढीने प्लायवूड खिळ्यावरून निसटतं. त्यानंतर 8डी मापाचे रिंग-शँक (दांड्यावर कड्या असलेले) खिळे रेघेवरच: कडांना आणि मधल्या आधारांवर 6 इंचांवर, गेबलच्या (उतरत्या छताखालच्या त्रिकोणी भिंतीच्या) टोकांना 4 इंचांवर. शेवटी पोटमाळ्यातून टॉर्चने ट्रसबाहेर डोकावणारे खिळे शोधले, काढले, बाजूला नवे ठोकले.

मंजुरीआधी अंडरलेमेंट (प्लायवूडवर अंथरायचा संरक्षक थर) अंथरू नका. इन्स्पेक्टरला खिळे दिसलेच पाहिजेत.