मॅट घसरते की हात? योगा मॅट बदलताना या चुका टाळा

आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये सकाळी सहाची बॅच असते. पावसाळा तोंडावर आला की कुणी ना कुणी विचारतंच, "ताई, माझी मॅट फार घसरायला लागलीय, नवी कुठली घेऊ?" मी म्हणते, आधी ती उलटी करून दाखव. उलटी केली की खालच्या बाजूला धुळीचा थर, केसांची गुंतवळ आणि कधीकधी मागच्या गणपतीतली चमकीसुद्धा निघते. अशी मॅट फेकायची नसते, पुसायची असते.

म्हणून पहिली चूक हीच, की नेमकं काय घसरतंय ते न बघता नवी मॅट मागवायची. घसरण दोन प्रकारची असते. मॅट फरशीवरून सरकत असेल तर दोष बहुतेक वेळा फरशीच्या आणि मॅटच्या मधल्या धुळीचा असतो. गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्सवर तर चिमूटभर धूळही पुरते. फरशी ओल्या फडक्याने पुसा, मॅटचं पोट पुसा, दोन्ही वाळू द्या आणि मग बघा. मॅट जागची हलत नाही पण हात पुढे सरकतात, अधोमुख श्वानासनात तळवे टिकत नाहीत, असं असेल तर चौकशी वेगळी करावी लागते.

मॅट नवी आहे का? पीव्हीसीच्या नव्या मॅटवर कारखान्यातून आलेला एक निसरडा पापुद्रा असतो. दोन-तीनदा पुसून आणि रोज वापरूनच तो जातो. दुकानदाराने फसवलं असं समजून ती लगेच परत करू नका. मॅट जुनी असेल तर विचारा, तुम्ही आंघोळ करून, पायांना खोबरेल तेल किंवा लोशन चोळून येता का? तेलाने हात तर सुटतोच, शिवाय नैसर्गिक रबराची मॅट असेल तर रबरही मऊ पडून चिकट व्हायला लागतं. आणि तिसरा संशयित म्हणजे साबण.

हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगते. एका दिवाळीच्या साफसफाईत मी माझी मॅट टबमध्ये बुडवली आणि वर मूठभर वॉशिंग पावडर टाकली. वास सुरेख आला. दुसऱ्या दिवशी बॅचसमोर अधोमुख श्वानासन दाखवताना माझे दोन्ही हात असे पुढे गेले की हनुवटी टेकायचीच बाकी होती. साबण मॅटच्या छिद्रांत बसला होता आणि घाम लागला की पुन्हा फेसाळत होता. तीन वेळा नुसत्या पाण्याने धुतल्यावर ती पूर्ववत झाली. तेव्हापासून अर्ध्या बादलीत भांडी घासायच्या लिक्विडचे चार-पाच थेंब, सुती फडकं, आणि शेवटी साध्या पाण्याचा हात, एवढंच. मग मॅट जुन्या टॉवेलवर पसरायची, दोन्हींची एकत्र गुंडाळी करायची आणि ती पायाने दाबायची. पाणी टॉवेलमध्ये उतरतं. पुढे सावलीत दोरीवर.

वॉशिंग मशीनमध्ये घालू नका. पीळ बसून मॅट फाटते आणि दोन थर चिकटवून केलेली असेल तर थर सुटतात. कोविडनंतर काहींना मॅटवर सॅनिटायझर फवारायची सवय लागली आहे, तीही सोडा. अल्कोहोलने रबर कोरडं पडतं. रबराच्या मॅटला ऊनही सोसत नाही. एक उन्हाळा गॅलरीत किंवा गाडीच्या डिकीत काढला की तिला चिरा पडायला लागतात.

मुंबई, ठाणे, कोकण, गोव्याकडच्यांचा घामाचा प्रश्न मात्र खरा आहे. त्यासाठी पाणी न शोषणारी मॅट बदलून तशीच दुसरी घेतल्याने फार फरक पडत नाही, कारण पाणी न शोषणाऱ्या कुठल्याही मॅटवर घामाने हात सुटणारच. आपली मॅट पाणी शोषते का ते बघायला तिच्यावर चार थेंब टाकून पाच मिनिटं थांबा. थेंब तसेच राहिले तर ती शोषत नाही. मग तळव्यांखाली पंचा घ्या, पण तो आधी किंचित ओलसर करून. कोरडा पंचा मॅटवर स्वतःच सरकतो.

मग बदलायची कधी?

मॅटला एक्सपायरी डेट नसते. "दर सहा महिन्यांनी बदला" हे वाक्य मला मॅट विकणाऱ्यांकडूनच ऐकायला मिळालं आहे. रोज दीड तास करणाऱ्याची मॅट आणि फक्त २१ जूनला बाहेर निघणारी मॅट यांचं वय एकच कसं असेल? तारखेकडे नाही, मॅटकडे बघा. ती खिडकीच्या उजेडासमोर धरा. तळवे आणि टाचा टेकतात तिथून उजेड झिरपत असेल तर तिथला फोम संपला. अंगठ्याने दाबून सोडा, खळगा तसाच राहिला तर मॅट मेली. काळ्या पँटवर भुगा चिकटतो, हाताखालची जागा काचेसारखी गुळगुळीत झाली आहे, धुऊनही कुबट वास जात नाही, ही बाकीची लक्षणं. बुरशीचे ठिपके वरवर असतील तर व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन पुसून बघा. पाणी शोषणाऱ्या मॅटच्या आत बुरशी गेली असेल तर तिच्यावर नाक टेकवून भुजंगासन करू नका.

अजून वेळ असेल तर एक सोपा उपाय आहे: मॅट फिरवा. डोक्याची बाजू पायाकडे घ्या. आपण वर्षानुवर्षं त्याच दोन ठिकाणी हात टेकतो आणि तेवढंच झिजवतो. दर महिन्याला दिशा बदलली तर झीज वाटली जाते. दोन्ही बाजूंना सारखीच खरखरीत नक्षी असेल तर उलटूनही वापरता येते.

याच्या उलट चूकही तेवढीच होते, आणि ती आपल्याकडे जास्त. "चालतंय की अजून!" आमच्या बॅचमधल्या एका काकूंच्या मॅटचा कोपरा फाटून वर आला होता. त्यांनी तो सेलोटेपने चिकटवला. वीरभद्रासनात मागचा पाय आणताना अंगठा त्यात अडकला आणि काकू बाजूच्या मुलीच्या अंगावर गेल्या. लागलं नाही, पण सत्तरीत असं पडणं म्हणजे हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हे.

नवी घेताना

इथे सगळ्यात मोठी चूक जाडीची. गुडघा दुखतो म्हणून दहा-बारा मिलिमीटरची गुबगुबीत मॅट घेतात. ती बहुधा एनबीआर या कृत्रिम रबराच्या फोमची असते आणि झोपायला गादीसारखी छान लागते. पण वृक्षासनात उभं राहिलात की पाऊल रुततं, घोटा डुगडुगतो आणि हातांवर भार घेतलात की मनगट जास्त वाकतं. चार ते सहा मिलिमीटर पुष्कळ झाली. गुडघ्याचं दुखणं गुडघ्यापुरतंच सोडवा: मार्जरासन, उष्ट्रासन करताना खाली कांबळ्याची घडी घ्या. पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांनी घडी घातलेली कांबळी, विटा, पट्टे हे सगळं आसनाच्या मदतीला आणलं, ते काही उगीच नव्हे.

लांबी बघा. नेहमीची मॅट सुमारे ६८ इंच असते. पावणेसहा फुटांच्या माणसाचं शवासनात डोकं नाहीतर टाचा फरशीवर जातात. त्याने ७२ इंची मागावी. रबरी हातमोज्यांनी किंवा फुग्यांनी ज्यांना पुरळ उठतं त्यांनी नैसर्गिक रबराची घेऊ नये. रोज बसने क्लासला जाणाऱ्यांनीही विचार करावा, कारण रबराची मॅट दोन-अडीच किलोंपर्यंत भरते. टीपीई नावाच्या पदार्थाच्या मॅटवर "इको-फ्रेंडली" लिहिलेलं असतं, पण टीपीई हे शेवटी एक प्रकारचं प्लास्टिकच आहे, मातीत घातलं म्हणून त्याचं खत होत नाही. हलकी असते म्हणून घ्या, निसर्गप्रेमाखातर नको.

आणि तुमचा बराचसा वेळ प्राणायाम आणि बैठकीत जात असेल तर मॅट हवीच कशाला? गीतेच्या सहाव्या अध्यायात आसन सांगितलं आहे ते खाली कुश, त्यावर मृगाजिन, त्यावर वस्त्र. चिकटपणाचा त्यात कुठे उल्लेख नाही. चांगली जाड सुती सतरंजी धुता येते, उन्हात टाकता येते आणि वर्षानुवर्षं टिकते. उभ्या आसनांना मात्र ती टाइल्सवर सरकते, आणि जुन्या मॅटची पहिली नोकरी तिथेच लागते.

जुनीचं काय करायचं

चिकट मॅट मुळात योगासाठी बनलीच नव्हती. अय्यंगारांकडे शिकलेल्या अँजेला फार्मर यांनी १९८२ साली जर्मनीत, म्युनिकमध्ये शिकवत असताना, गालिच्याखाली घालायचं अस्तर टॉवेलएवढं कापून त्यावर आसनं केली. त्या ते लंडनला घेऊन आल्या आणि त्यांच्या वडिलांनी जर्मन कारखानदाराला गाठून ते विकायला सुरुवात केली. म्हणजे मॅटचं माहेर गालिच्याखाली आहे. त्यामुळे थकलेली मॅट सतरंजीखाली, जाजमाखाली, आजी-आजोबांच्या खोलीतल्या सरकणाऱ्या पायपुसण्याखाली घातली की ती निमूटपणे आपलं जुनं काम करते. सतरंजीपेक्षा चारी बाजूंनी इंचभर लहान कापा, नाहीतर कडा डोकावतात आणि पाय अडखळतो.

एक सांभाळा. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात तेलकट द्रव्यं घातलेली असतात आणि ती हळूहळू बाहेर पडतात. विनाइलच्या किंवा लॅमिनेटच्या फ्लोरिंगवर, पॉलिश केलेल्या लाकडावर असा तुकडा महिनोन्महिने पडून राहिला तर डाग उमटतो आणि तो निघत नाही. रबराचंही तेच. साधी टाइल, कोटा, शहाबाद यांवर खुशाल घाला, पण अधूनमधून उचलून खालची ओल बघा.

बाथरूममध्ये मात्र घालू नका! जुन्या मॅटच्या वापराबद्दल बोलताना मी सगळ्यात जोरात बोलते ते इथे. "निसरडं नको म्हणून" घातलेली मॅट साबणाच्या पाण्यात तरंगते, खाली बुळबुळीत थर धरते आणि माणसाला घेऊनच जाते. बाथरूमच्या मॅटला फरशी पकडायला खाली रबरी सक्शन कप असतात, हिला ते नाहीत. जिन्याच्या पायऱ्यांवरही नको.

वॉशिंग मशीन थरथरते म्हणून तिच्या पायांखाली तुकडे घालतात. मशीनचं वजन मऊ तुकड्यात रुततं, एक पाय जास्त दबतो, लेव्हल बिघडते आणि थरथर वाढते. मिक्सरखाली घाला, तिथे आवाज नक्की कमी होतो. पोळपाटाखाली तर अवश्य घाला. कणीक लाटताना पोळपाट फिरतो म्हणून ओलं फडकं घालायची कटकट संपते. तुकडा अन्नाला लागू द्यायचा नाही आणि शेगडीपासून लांब ठेवायचा, एवढं पथ्य. गरम कुकर त्यावर ठेवलात तर कुकरच्या बुडाचा छाप कायमचा उमटेल. लॅपटॉपखालीही नको, हवा जायच्या फटी बुजतात.

माझ्या घरी सगळ्यात जास्त वापरला जाणारा तुकडा तळहाताएवढा आहे. लोणच्याच्या बरणीचं घट्ट बसलेलं झाकण तो धरून एका फटक्यात उघडतं. शिडीच्या पायांना, कुंड्यांच्या मधे, निंदणी करताना गुडघ्याखाली, वाऱ्याने आपटणाऱ्या दारात, सगळीकडे एकेक तुकडा आहे.

ट्रेकला जाणाऱ्यांनी जाड एनबीआरची मॅट कापू नये. ती हलकी असते आणि गुहेतल्या गार दगडावर स्लीपिंग बॅगखाली कॅरीमॅट म्हणून उत्तम चालते. चुलीच्या ठिणगीपासून तेवढी जपा. रबराची मॅट पाठीवर घेऊन हरिश्चंद्रगड चढायला जाऊ नका, वजन आधीच सांगितलं आहे.

रांगत्या बाळाला आणि कुत्र्याच्या पिल्लाला भुगा सुटणारी मॅट देऊ नये. दोघंही ती चावणार. दान करायची असेल तर धुऊन, वाळवून, आधी फोनवर विचारून. जी मॅट आपल्याला आपल्या गुडघ्याखाली नको झाली ती शाळेतल्या पोरांना कशी चालेल?

कापायला कात्री घेऊ नका, कडा दातेरी येते. मॅट पालथी टाका, स्टीलची पट्टी घट्ट दाबून धरा आणि कटर दोन-तीनदा हलक्या हाताने ओढा.

आणि जाळू नका. गावाकडे बंब पेटवायला, इकडे होळीत टाकायला मॅट सोयीची वाटते खरी, कारण झटकन पेट घेते. पीव्हीसी जळताना हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ आणि डायॉक्सिनसारखी विषं सोडते, आणि बंबाजवळ बहुधा घरातली म्हातारी माणसंच बसलेली असतात. भंगारवालाही ती घेत नाही, मी विचारून पाहिलं आहे. कशालाच उपयोग उरला नाही, नुसता भुगाच व्हायला लागला, तर पिशवीत घट्ट बांधून कोरड्या कचऱ्यात द्या. सुटी टाकलीत तर तो भुगा पहिल्या पावसात गटारात जातो.